काटेवाल्यांचा प्रयोग

देव नाही, हे दिवसातून एकदा तरी मोठ्याने म्हटल्याशिवाय काटेवाल्यांना अन्न पचत नसे. देव आहे, हे म्हटल्याशिवाय त्यांच्या मेहुण्यांना ढेकर येत नसे. दोघांची दुकानं शेजारी शेजारी होती. मधली भिंत म्हणजे खाली तीन फळ्या आणि वर तारेची जाळी, त्यामुळे दोघांच्याही पचनाची सोय घरच्या घरी झालेली होती.

काटेवाल्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करायचा. किराणा दुकानातले, भंगारवाल्यांचे, टपाल कचेरीतले, दवाखान्यात बाळांना झोपवून वजन करायचे, सगळे काटे त्यांच्या टेबलावर यायचे आणि निमूटपणे शून्यावर उभे राहायला शिकून जायचे. प्रमाण वजनांची पितळी पेटी होती, तिच्यातल्या वजनांना ते उघड्या हाताने शिवत नसत. बोटाचं तेल लागलं की वजन वाढतं म्हणे. किती वाढतं, असं एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, तर त्याला बिचाऱ्याला पाऊण तास बसवून दाखवलं होतं. माणूस सचोटीचा, त्यात वाद नाही. त्यांच्या हातून काटा मारला गेला असं त्यांचा शत्रूही म्हणाला नसता. पण एक खोड होती. कोणी काहीही म्हटलं की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले: किती? कशावरून? मोजलं कोणी?

बायको म्हणाली, आज भाजीत मीठ जास्त झालंय, की हे विचारणार, कशावरून? खुद्द आई वारली तेव्हा कोणीतरी डोळे पुसत म्हणालं, गेल्या हो, चांगल्या ठिकाणी गेल्या. काटेवाल्यांनी विचारलं, "पत्ता आहे का?" त्या दिवसापासून अर्धी भावकी त्यांच्याशी बोलत नाही, आणि उरलेली अर्धी बोलते ती फक्त काटा बिघडला तर.

मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, किल्ल्या करायचे. कानस चालवताना ओठ हलत असायचे, किल्ली तयार झाली की ती कपाळाला लावायची आणि मगच गिऱ्हाइकाला द्यायची. किल्ली लागली तर देवाची कृपा. नाही लागली तर कुलूप खराब. पस्तीस वर्षांत देव एकदाही चुकला नव्हता, चुकत होती ती कुलपंच. चष्मा हरवला आणि सापडला, तर देवाने शोधून दिला. सापडलाच नाही, तर काहीतरी वाईट बघायचं होतं ते देवाने चुकवलं. असा माणूस वादात हरणार कसा? आणि काटेवाल्यांसारखा माणूस वाद सोडणार कसा? एकदा एक गृहस्थ कपाटाची किल्ली करायला आले, जाळीच्या दोन्ही बाजूंनी दीड तास तोफा चालल्या, आणि ते गृहस्थ देवही डळमळलेला आणि किल्लीही विसरलेली अशा अवस्थेत घरी गेले.

या दोघांच्या मध्ये, मागच्या खोलीत, खिडकीशी शिलाई यंत्रावर बसलेली असायची ती एकाची बायको आणि दुसऱ्याची बहीण. हॉटेलातल्या वेटरांचे पांढरे कोट ती शिवायची. हाताने घातलेली तिची काजं बघायला इतर शिंपी यायचे. उलटी बाजू कुठली आणि सुलटी कुठली, सांगता यायचं नाही. तिला कोणी विचारलं, तुम्हाला काय वाटतं हो, देव आहे का, तर ती तोंडातला दोरा काढून म्हणायची, "मला शुक्रवारपर्यंत वीस कोट द्यायचेत." दोन्ही बाजूंना हे उत्तर आपल्याच बाजूचं वाटायचं.

तर या बाईचा उजवा हात बिघडला. पहाटे हात झटकत उठायची. मुंग्या यायच्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. टाचण्या हातातून गळायच्या, चहाचा कप गळाला, त्याच्या पाठोपाठ दुसरा. एक दिवस जेवताना ती म्हणाली, "अहो, माझ्या अंगठ्याला आणि या दोन बोटांना काही कळेनासं झालंय. धरलंय का सोडलंय ते बघावं लागतं. उद्या डॉक्टरकडे जाऊन येते."

खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. सकाळी उठून ती डॉक्टरकडे गेली असती आणि आपण आपल्या कामाला लागलो असतो. पण जाळीपलीकडून मेहुण्यांचा आवाज आला, "घाबरू नकोस गं. मी प्रार्थना करतो."

काटेवाल्यांचा घास हातातच राहिला. वीस वर्षं ते अशा संधीची वाट बघत होते. इतक्या वर्षांत वाद झाले ते सगळे हवेतले, स्वर्ग कोणी पाहिला आणि सूर्याला कोण ढकलतं असले. आता समोर एक खरा हात होता, आणि तो मोजता येत होता.

"करा की," ते म्हणाले. "पण मोजून करा. चाळीस दिवस. रोज सकाळी सहाला इथे येऊन हिच्यासमोर प्रार्थना करायची. मी रोज नोंद ठेवतो. हात सुधारला तर मी जाहीर मान्य करतो. नाही सुधारला तर तुम्ही."

"मान्य," मेहुणे म्हणाले.

"तोवर औषध नाही, डॉक्टर नाही. देवही आणि डॉक्टरही, असं चालणार नाही. बरी झाली तर कोणामुळे झाली, कळणार कसं?"

"अगदी बरोबर," मेहुणे म्हणाले. "राबेल देव आणि नाव होईल तुमच्या गोळ्यांचं."

वीस वर्षांत या दोघांचं एकमत झालं ते असं, बाईने डॉक्टरकडे जायचं नाही यावर.

"आणि मी?" तिने विचारलं. तिला कोणी विचारलंच नाही असं मात्र म्हणू नका. काटेवाल्यांनी लगेच विचारलं, कुठल्या हाताने सुया उचलतेस म्हणून. रोज सकाळी ताटलीतल्या दहा सुया एकेक उचलून डबीत टाकायच्या, एवढंच तिचं काम. वेळ ते लावणार होते.

ती तयार कशी झाली, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. कोटांची घाई होती, हे एक. या दोघांच्या मध्ये पडून आजवर कोणाचं भलं झालं नव्हतं, हे दुसरं. आणि खरं कारण असं, की नवरा एवढा मोजणारा, भाऊ एवढा मायेचा, हात जास्तच बिघडला तर दोघांतल्या एकाच्या तरी लक्षात येईल, असं तिला वाटलं. कोणाचा विश्वास कशावर बसेल, काही सांगता येत नाही.

काटेवाल्यांनी नवी वही आणली. तारीख, वेळ, हवा थंड की गरम, रात्री झोप किती, शेरा. पहिल्या दिवशी अठ्ठेचाळीस सेकंद. दुसऱ्या दिवशी एक्कावन्न. आठवडाभर आकडा पन्नासच्या आसपास घुटमळला आणि काटेवाले शीळ वाजवत कामाला बसू लागले. मेहुणे समोर स्टुलावर डोळे मिटून, हात जोडून, कपाळावर आठ्या घालून बसायचे. काटेवाले शेजारी घड्याळ डोळ्यांसमोर धरून उभे. सुया डबीत पडल्याचा टिक टिक आवाज यायचा, दहावा टिक झाला की हे म्हणायचे "झालं", आणि मेहुणे डोळे उघडायचे.

मग आकडा उतरू लागला. पंधराव्या दिवशी पंचेचाळीस. विसाव्या दिवशी एक्केचाळीस. तेहेतिसाव्या दिवशी छत्तीस. बायको बरी होतेय म्हणून तोंड उतरलेला नवरा कोणी पाहिलाय? त्या महिन्यात पाहायला मिळाला असता. पण आकड्यात त्यांनी एका सेकंदाचीही फिरवाफिरव केली नाही. छत्तीस तर छत्तीस, दात ओठ खाऊन का होईना, लिहिलं. तिकडे मेहुण्यांना मात्र दुकान अपुरं पडू लागलं. किल्ली करायला येईल त्याला चमत्कार सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. ते दर वेळी म्हणायचे, "मी म्हणतोय म्हणून नव्हे, भाऊजींच्या वहीत आहे. त्यांच्या हातचं अक्षर आहे."

चाळिसावा दिवस उजाडला. चौतीस सेकंद. मेहुणे नवा सदरा घालून आले होते.

"म्हणा," ते म्हणाले.

"थांबा," काटेवाले म्हणाले. "हा सरावाचा गुण असू शकतो. रोज तेच करून कोणाचाही हात चालायला लागेल. आता चाळीस दिवस प्रार्थना न करता मोजायचं. मग खरा फरक कळेल."

"माझ्या सख्ख्या बहिणीसाठी मी प्रार्थना थांबवू?"

"घाबरलात?"

झालं. घाबरलात म्हटल्यावर मेहुणे कशाला मागे हटतात? पण काटेवाल्यांना नवाच घोर लागला: हे मनातल्या मनात प्रार्थना करणार नाहीत कशावरून? प्रार्थना न केल्याचा पुरावा काय? यावर तीन दिवस जाळी थरथरत होती. शेवटी तोडगा निघाला. सकाळी सहाला मेहुण्यांनी त्याच स्टुलावर बसून एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हणायचा. एकोणतीसच्या पाढ्यात देवालाही जागा मिळणार नाही, असं काटेवाल्यांचं मत होतं. मेहुण्यांचं गणित पहिल्यापासून कच्चं. ते घाम पुसत, डोळे गच्च मिटून पाढा म्हणायचे, एकोणतीस साते दोनशे तीन, तिथे हमखास अडायचे, आणि बाई सुया उचलायची.

आकडा आणखी उतरला. एकतीस.

आता खूश व्हायची पाळी काटेवाल्यांची होती. प्रार्थना नाही, तरी सुधारणा. मेहुणे म्हणाले, मागच्या चाळीस दिवसांची पुण्याई अजून शिल्लक आहे. दोघांचंही समाधान झालं आणि दोघंही एकमेकांना वेडं ठरवत आनंदात राहू लागले.

मागच्या खोलीत मात्र तिला सुईत दोरा ओवता येईना. ती सुई दातात धरून डाव्या हाताने ओवायची. काजं वाकडी पडू लागली. हॉटेलच्या मॅनेजरने सहा कोट परत पाठवले, सोबत निरोप की नवीन कोणी कारागीर ठेवली असेल तर काढून टाका. ते कोट मांडीवर घेऊन ती बराच वेळ नुसती बसून राहिली, आणि मग रडली. तिचं सगळं आयुष्य त्या काजांत होतं. काजंच गेली तर तिच्याजवळ उरणार काय होतं, दोन बाजूंचा आरडाओरडा?

ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, हात बरा नाहीये माझा."

"अगं, एकतीस सेकंद," त्यांनी वही पुढे केली. "बरा नाही असं तुला वाटतं. वाटणं वेगळं आणि आकडा वेगळा."

ती भावाला म्हणाली, "दादा, हात जातोय रे."

"शंका घेऊ नकोस," दादा म्हणाला. "शंका घेतली की झालेलंही फिरतं."

म्हणजे हात कोणाचा, तर तिचा. आणि तो कसा आहे हे माहीत कोणाला, तर तिला सोडून बाकी दोघांना.

त्रेसष्टाव्या दिवशी दुपारी काटेवाले काहीतरी विचारायला आत गेले. यंत्र चालू होतं. कोटाच्या बाहीवर लाल डाग पसरत होता आणि ती त्या डागाकडे कपाळाला आठी घालून बघत होती, हा कुठून आला म्हणून. सुई तिच्या अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटाच्या टोकातून आरपार गेलेली होती. तिने आधी कोट बाजूला सरकवायचा प्रयत्न केला, तेव्हा बोट सोबत आलं.

"दुखत नाही," ती म्हणाली. "अजिबात दुखत नाही हो." आणि मग ती खूप घाबरली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. मेहुणेही दुकान तसंच टाकून सोबत आले होते. बोटाला पट्टी झाल्यावर त्यांनी तिचा तळहात उताणा केला. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसाचा उंचवटा असतो, तिथे खळगा पडला होता. त्यांनी दुसरा हात शेजारी ठेवून बघितला. मनगटात शीर दबलीय, त्या म्हणाल्या, शिवणकाम करणाऱ्यांना होतं पुष्कळदा. कधीपासून आहे?

बायकोने तोंड उघडायच्या आत काटेवाल्यांनी वही टेबलावर ठेवली. खोटं कशाला सांगावं, अशा वेळीही त्यांना वहीचा थोडा अभिमान वाटला. "सगळं आहे यात. रोजच्या रोज."

डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली. मग ड्रॉवरमधून टाचण्या काढून टेबलावर टाकल्या. "उचलून दाखवा."

तिने उचलल्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्या चिमट्यात, हात करंगळीच्या बाजूने आडवा करून, खेकडा चालतो तशा तिरक्या, पण झरझर. अंगठा आणि बाकीची दोन बोटं नुसती हवेत उभी होती.

"असं कधीपासून उचलताय?"

"बाराव्या दिवसापासून," ती म्हणाली. "या बोटांत सुई आली का नाही ते कळायचंच नाही. करंगळीला कळतं. आणि सकाळी या दोघांना दुकान उघडायची घाई असते."

"तू मला सांगितलं का नाहीस?" काटेवाले म्हणाले.

"तुम्ही समोरच होतात की," ती म्हणाली.

आता मेहुणे खाली बघू लागले. रोज सकाळी एकाचे डोळे घड्याळावर आणि दुसऱ्याचे मिटलेले. हाताकडे त्रेसष्ट दिवसांत कोणी बघितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली आणि परत दिली. "मी इतकी नीट नोंद कधी पाहिली नाही," त्या म्हणाल्या. "हात जातोय हे तुमच्या बायकोने तुम्हाला सांगितलं, ती तारीखही आहे. शेऱ्यात लिहिलंय तुम्ही, रुग्णाची कुरकुर, दुर्लक्ष करावे. तुमच्याविरुद्ध कोणाला काही सिद्ध करायचं असेल, तर दुसरं काही लागणार नाही."

काटेवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कशावरून असं विचारलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी आला असतात तर झोपताना मनगटाला पट्टा बांधून कदाचित भागलं असतं, असं त्यांना सांगण्यात आलं. आता शस्त्रक्रिया करावी लागेल. आणि तरी किती परत येईल, ते हातच ठरवेल.

शस्त्रक्रियेच्या दिवशी दोघं बाहेर बाकावर बसले होते. दोघांचीही अन्नावरची वासना उडालेली होती. लाज वाटत होती, भीतीही वाटत होती, आणि दोघांनाही ते एकमेकांना सांगता येत नव्हतं, कारण वादाशिवाय बोलायची सवयच राहिलेली नव्हती. मेहुणे उसासा टाकून म्हणाले, "सगळं त्याच्या हातात."

"डॉक्टरच्या हातात," काटेवाले म्हणाले.

"डॉक्टरचा हात कोण चालवतो?"

"कोण चालवतो म्हणजे? शिकलेलं डोकं चालवतं."

"ते डोकं कोणी दिलं?"

आवाज चढत गेले. जित्याची खोड म्हणतात ती हीच. फरशी पुसणारी बाई फडकं बादलीत टाकून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "आत जिचा हात कापतायत, ती तुमची कोण?"

"बायको," एक म्हणाले. "बहीण," दुसरे म्हणाले.

"मला वाटलं तिचं कोणीच आलेलं नाही," ती म्हणाली, आणि पाय वर घ्या म्हणून सांगून त्यांच्या बाकाखालची फरशी पुसू लागली. दोघांनी पाय वर घेतले.

सहा आठवड्यांनी तिला तपासायला बोलावलं. या वेळी दोघंही गेले, आणि वही कोणी नेली नाही. तिने घरी कोट कापून ठेवले होते. हॉटेलच्या मॅनेजरला तिने स्वतः जाऊन सांगितलं होतं, मीच शिवत होते, हात आजारी होता, आता बरा होईल, मला एक महिना द्या. वाटेत ती भराभरा चालत होती आणि हे दोघं मागे पडत होते.

डॉक्टरीणबाईंनी कापसाचा बारीक पीळ केला. "डोळे मिटा. मी बोटाला कापूस लावीन. लागला की कुठलं बोट ते सांगायचं."

तिने डोळे मिटून हात पुढे केला. काटेवाले तिच्या डाव्या बाजूला उभे होते, मेहुणे उजव्या.

"करंगळी," ती म्हणाली. "तिच्या शेजारचं." मग थोडं थांबून, "मधलं. हो, मधलंच." तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. पुढे बराच वेळ गेला आणि ती म्हणाली, "पहिलं. पुसट आहे, पण कळतंय."

मेहुण्यांनी श्वास सोडला. काटेवाल्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी कापूस अंगठ्याच्या टोकाला लावला. मग अंगठ्याच्या पोटाला. मग कापूस बाजूला ठेवून पेनाचं बूड टेकवलं आणि दाबलं, नखाभोवतीची कातडी पांढरी पडेपर्यंत. दोघांनाही ते दिसत होतं.

ती तशीच हसत बसली होती, डोळे मिटून, शाळेतल्या हुशार मुलीसारखी पुढच्या प्रश्नाची वाट बघत.

"थांबलात का, डॉक्टर?" ती म्हणाली. "अंगठा राहिला ना. लावा."